ग्राफिक डिझाईनसाठी एक्स्टर्नल मॉनिटरची डिस्प्ले सेटिंग कशी करायची? ब्राइटनेसपासून कलर प्रोफाइलपर्यंत

आपल्यापैकी बरेच जण डिझाईन शिकतात ते मोबाइलवरच. आधी कॅनव्हावर वाढदिवसाचे बॅनर, मग ओळखीच्या दुकानाची पोस्ट. चार पैसे मिळायला लागले की लॅपटॉप येतो आणि कामं वाढली की लॅपटॉपला एक मोठा मॉनिटर जोडला जातो. मॉनिटर जोडला, चित्र दिसलं, काम सुरू. आणि मग तक्रारी यायला लागतात. "स्क्रीनवर केशरी होतं, छापून विटकरी आलं." "फोटोतले चेहरे काळे पडले." "माझ्या फोनवर तर रंग वेगळाच दिसतोय."

यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मॉनिटरच्या सेटिंगमध्ये असतं. आणि हा विषय फक्त 'छान दिसण्याचा' नाही, पैशांचा आहे. पाचशे लग्नपत्रिका पुन्हा छापायची वेळ आली तर ग्राहक म्हणतो प्रेसवाल्याने बिघडवलं, प्रेसवाला म्हणतो फाइलच तशी होती, आणि शेवटी भुर्दंड पडतो डिझाइनरवर. नवीन मुलांची तर महिन्याची कमाई अशा एका कामात जाऊ शकते.

मी लग्नपत्रिका, दुकानांचे फ्लेक्स आणि सोशल मीडिया पोस्ट असं मिश्र काम करतो. या लेखात मी २४ इंची फुल एचडी आयपीएस मॉनिटर आणि त्याला एचडीएमआय केबलने जोडलेला विंडोज लॅपटॉप असं उदाहरण धरलं आहे, कारण सुरुवात करणाऱ्यांकडे साधारण हाच सेट असतो. मॅक असेल तर काय बदलतं तेही सांगतो. वेगळं यंत्र विकत न घेता, अर्ध्या-पाऊण तासात हे सगळं करता येतं. फक्त क्रम पाळा, कारण एक सेटिंग चुकीचं असेल तर पुढच्या सेटिंगचा अंदाजही चुकतो.

नवीन मॉनिटरचे रंग चुकीचे का दिसतात?

मॉनिटर दुकानात दहा-वीस मॉनिटरच्या रांगेत, लख्ख उजेडात विकला जातो. तिथे जो जास्त उजळ आणि जास्त निळसर-पांढरा दिसतो तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरतो. म्हणून बऱ्याच मॉनिटरचं मूळ सेटिंग भडक असतं: ब्राइटनेस भरपूर, रंग चढवलेले, पांढरा रंग थोडा निळसर. सिनेमा, गेमसाठी ते चालतं. डिझाईनसाठी नाही चालत.

कारण सोपं आहे. स्क्रीन गरजेपेक्षा उजळ असेल तर तुम्हाला फोटो उजळ दिसतो, म्हणून तुम्ही तो तसाच सोडता किंवा आणखी थोडा डार्क करता. कागदाला मात्र स्वतःचा उजेड नसतो. तो खोलीतला उजेड परत फेकतो, बस. त्यामुळे तीच फाइल कागदावर काळपट दिसते. स्क्रीन निळसर असेल तर तुम्ही नकळत डिझाईनमध्ये पिवळा-लाल वाढवता आणि छापून आलं की चेहरे पिवळट दिसतात. म्हणजे मॉनिटर जिकडे झुकलेला असतो, त्याच्या उलट दिशेला तुमचं डिझाईन झुकतं.

सुरू करण्याआधी ही तयारी करा

१. मॉनिटर किमान २०-३० मिनिटं चालू ठेवा. चालू केल्या केल्या बॅकलाइट स्थिर नसतो.

२. ज्या उजेडात रोज काम करता तोच उजेड ठेवा. खिडकीचं ऊन थेट स्क्रीनवर येत असेल तर मॉनिटर फिरवा किंवा पडदा लावा.

३. खोलीत कोणता दिवा आहे ते बघा. आपल्याकडच्या पांढऱ्या एलईडी ट्यूबलाइटच्या खोक्यावर बहुतेक वेळा ६५०० केल्विन लिहिलेलं असतं. पिवळा बल्ब असेल तर तो साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो आणि त्याच्या उजेडात पांढरा कागदही पिवळट दिसतो. रंगाचं काम पांढऱ्या दिव्यातच करा.

४. स्क्रीन हातभर अंतरावर आणि तिची वरची कडा डोळ्यांच्या पातळीला ठेवा. स्क्रीनकडे समोरून बघा. टीएन पॅनेल असेल तर मान थोडी वरखाली केली तरी रंग बदलतो. व्हीए पॅनेलमध्ये बाजूने पाहिल्यावर गडद भाग फिके वाटतात. आयपीएसमध्ये हा त्रास सगळ्यात कमी, म्हणून डिझाईनसाठी आयपीएस घ्या असं सांगतात.

५. एक कोरा, पांढरा ए-फोर कागद जवळ ठेवा. तो पुढे लागणार आहे.

स्टेप १: रिझोल्यूशन, स्केल आणि केबल

सेटिंग्ज > सिस्टीम > डिस्प्ले मध्ये जा. वर १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील, त्यातला एक्स्टर्नल मॉनिटर निवडा. डिस्प्ले रिझोल्यूशनमध्ये ज्याच्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच ठेवा. फुल एचडीसाठी ते १९२० × १०८० असतं. दुसरं काही निवडलं तर मॉनिटरला चित्र ताणून दाखवावं लागतं आणि अक्षरं धूसर होतात. देवनागरीत हे लगेच कळतं, कारण शिरोरेषा आणि वेलांटीच्या बारीक कडा पसरलेल्या दिसतात.

सगळं बारीक दिसतंय म्हणून रिझोल्यूशन कमी करू नका, त्याऐवजी स्केल वाढवा. २४ इंची फुल एचडीवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात, तिथे १००% स्केल ठीक असतं. २७ इंची फोर-के मॉनिटरवर एका इंचात सुमारे १६३ पिक्सेल असतात, तिथे १५०% लागतं.

आता केबल. जुन्या एचडीएमआय १.४ केबल-पोर्टवर फोर-के चित्र ३० हर्ट्झलाच चालतं आणि माऊस अडखळल्यासारखा वाटतो. फोर-के ६० हर्ट्झला चालवायला एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट हवं. फुल एचडीवाल्यांना ही काळजी नाही.

पण एचडीएमआयची एक भानगड सगळ्यांना लागू होते. काही वेळा लॅपटॉप मॉनिटरला टीव्ही समजतो आणि रंगांची पूर्ण रेंज, म्हणजे ० ते २५५, न पाठवता फक्त १६ ते २३५ पाठवतो. मग काळा रंग राखाडी दिसतो आणि सगळं चित्र धुतल्यासारखं फिकं वाटतं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल > चेंज रिझोल्यूशन मध्ये खाली 'आउटपुट डायनॅमिक रेंज' असतं. तिथे 'फुल' आणि कलर फॉरमॅट 'आरजीबी' निवडा. बऱ्याच मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूमध्येही आरजीबी रेंज किंवा ब्लॅक लेव्हलचा पर्याय असतो. दोन्हीकडे फुल असायला हवं. एकीकडे फुल आणि दुसरीकडे लिमिटेड झालं की चित्र एकतर फिकं दिसतं नाहीतर गडद भाग काळेठिक्कर पडतात.

स्टेप २: 'आपोआप' चालणारी फीचर्स बंद करा

पुढचं काही करण्याआधी ही सगळी बंद करा, नाहीतर तुम्ही सेट करत राहाल आणि मॉनिटर ते बदलत राहील.

विंडोजमध्ये:
- नाईट लाईट बंद. ते स्क्रीन पिवळी करतं.
- एचडीआर बंद. स्वस्त मॉनिटरवर ते चालू केलं की साध्या डिझाईनचे रंग मलूल दिसतात.

मॅकमध्ये नाईट शिफ्ट आणि ट्रू टोन दोन्ही बंद करा.

मॉनिटरच्या मेनूमध्ये, म्हणजे मॉनिटरच्या खालच्या किंवा मागच्या बटणांनी उघडतो त्यात:
- डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. हे चालू असेल तर पांढरं डिझाईन उघडलं की ब्राइटनेस एक आणि काळं उघडलं की दुसराच.
- इको किंवा पॉवर सेव्हिंग बंद.
- लो ब्लू लाईट, रीडिंग मोड, आय सेव्हर बंद.
- ब्लॅक इक्वलायझर, शॅडो बूस्ट असलं काही गेमिंगचं फीचर असेल तर तेही बंद किंवा मधोमध.

"डोळ्यांना त्रास होतो, लो ब्लू लाईट कसं बंद करू?" असं काही जण विचारतात. डोळ्यांना जाच होतो तो बहुतेक वेळा जास्त ब्राइटनेसचा आणि एकटक बघण्याचा. ब्राइटनेस बरोबर केला की निम्मा त्रास कमी होतो. दर वीस मिनिटांनी थोडं लांब बघा. रात्री रंगाचं काम संपलं की नाईट लाईट खुशाल चालू करा.

स्टेप ३: पिक्चर मोड निवडा

मेनूमध्ये स्टँडर्ड, मूव्ही, गेम, एफपीएस, विविड, एसआरजीबी, कस्टम किंवा युजर असे मोड असतात. यातला एसआरजीबी असेल तर पहिला तोच निवडून बघा.

एसआरजीबी म्हणजे रंगांचं एक ठरलेलं माप. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने ते १९९६ मध्ये पुढे आणलं आणि १९९९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. इंटरनेटवरची बहुतेक चित्रं, इन्स्टाग्राम पोस्ट, व्हॉट्सअॅप इमेज या याच मापात धरल्या जातात. तुमचा मॉनिटर या मापात असेल तर तुम्ही निवडलेला लाल आणि समोरच्याला दिसणारा लाल जवळपास एक असण्याची शक्यता वाढते.

हल्ली 'वाइड गॅमट' मॉनिटर मिळतात, ते एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवतात. ऐकायला भारी वाटतं, पण प्रोफाइल नीट लावलं नसेल तर साधा शेंदरी रंगसुद्धा त्यावर पेटल्यासारखा दिसतो. अशा मॉनिटरवर एसआरजीबी मोड आणखी गरजेचा आहे.

एक अडचण येऊ शकते. काही मॉनिटर एसआरजीबी मोडमध्ये रंगांची सेटिंग लॉक करतात, काही तर ब्राइटनेसही लॉक करतात. रंग लॉक असतील तर हरकत नाही. पण ब्राइटनेस खूप जास्त ठेवून लॉक केला असेल तर तो मोड सोडा आणि युजर किंवा कस्टम मोड घ्या. कारण पुढची स्टेप सगळ्यात महत्त्वाची आहे.

स्टेप ४: ब्राइटनेस, सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

स्क्रीनचा उजेड 'निट्स'मध्ये मोजतात. साधा ऑफिस मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसला २५० निट्सच्या आसपास जातो. छपाईच्या कामासाठी ८० ते १२० निट्स पुरेसे असतात. एसआरजीबीच्या मूळ मानकात तर ८० निट्सच धरलेत. म्हणजे पूर्ण ब्राइटनेसवर काम करणारा माणूस गरजेच्या दुप्पट-तिप्पट उजेडात डिझाईन बघत असतो.

निट्स मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, तर कागद वापरायचा:

१. फोटोशॉप, कॅनव्हा, काहीही उघडा आणि कोरं पांढरं पान पूर्ण स्क्रीनवर घ्या.
२. तो ए-फोर कागद मॉनिटरच्या शेजारी, स्क्रीनला समांतर धरा. खोलीतला दिवा कागदावर पडू द्या.
३. आधी स्क्रीन आणि मग कागद बघा. स्क्रीन ट्यूबलाइटसारखी चमकतेय आणि कागद तिच्यापुढे राखाडी वाटतोय? मग ब्राइटनेस कमी करा.
४. पाच-पाचने कमी करत जा. स्क्रीनवरचं पान 'दिवा' न वाटता 'कागद' वाटायला लागलं की थांबा.
५. पाच मिनिटं दुसरं काम करा आणि परत बघा. सुरुवातीला स्क्रीन अंधारी वाटते, डोळ्यांना सवय झाली की तीच बरोबर वाटते.

माझ्या मॉनिटरवर हा आकडा ३० च्या आसपास येतो. तुमचा वेगळा येईल, कारण प्रत्येक मॉनिटरचा स्लायडर वेगळा आणि खोलीही वेगळी. कुणाचा आकडा कॉपी करू नका, कागदच वापरा. आलेला आकडा एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवा. घरातलं कुणी सिनेमा बघायला ब्राइटनेस वाढवलाच, तर परत आणता येतो.

दिवसा आणि रात्री खोलीतल्या उजेडात फार फरक पडत असेल तर दोन आकडे लिहून ठेवा. मात्र दिव्याशिवाय अंधारात बसून रंगाचं काम करू नका. अंधारात कमी ब्राइटनेसची स्क्रीनही भगभगीत वाटते.

स्टेप ५: कॉन्ट्रास्ट आणि गॅमा

कॉन्ट्रास्ट शक्यतो मूळ आकड्यावरच ठेवा. तो वाढवला की पांढऱ्याच्या जवळचे हलके रंग एकमेकांत मिसळून सपाट पांढरे होतात. पत्रिकेच्या पार्श्वभूमीवरची हलकी मोतिया नक्षी, पांढऱ्या शालूवरची जर असलं काही दिसतच नाही, आणि छापून आलं की अचानक दिसतं.

तपासायला एक चाचणी घरीच बनवा. १९२० × १०८० ची नवीन फाइल घ्या. अर्धा भाग काळा करा, म्हणजे आरजीबी ०, ०, ०. त्यावर चार चौकोन काढा: तिन्ही आकडे ५, १०, १५ आणि २० असलेले. उरलेला अर्धा भाग पांढरा करा, म्हणजे २५५. त्यावर २५०, २४५, २४० आणि २३५ चे चौकोन काढा.

आता बघा:
- काळ्यावर १० चा चौकोन अंधुक का होईना दिसायला हवा. ५ चा दिसला तर उत्तमच. २० चासुद्धा दिसत नसेल तर गॅमा किंवा आरजीबी रेंज तपासा.
- पांढऱ्यावर २४५ चा चौकोन दिसायला हवा. नसेल दिसत तर कॉन्ट्रास्ट कमी करा.

गॅमा म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या मधल्या छटा किती उजळ दिसतात त्याचं गणित. मेनूमध्ये १.८, २.०, २.२, २.४ असे पर्याय असतात. २.२ निवडा. काही मॉनिटरवर आकडे न देता मोड १, मोड २ असं लिहिलेलं असतं. तिथे आणखी एक सोपी चाचणी चालते. एका चौकोनात एक पिक्सेलची काळी आणि एक पिक्सेलची पांढरी अशा आडव्या रेघा एकाआड एक भरा. शेजारी १८६ चा सपाट राखाडी चौकोन ठेवा. फोटोशॉपमध्ये झूम १००% ठेवून दोन-तीन मीटर मागे जा. दोन्ही चौकोन सारखेच उजळ दिसले तर गॅमा २.२ च्या जवळ आहे. राखाडी चौकोन रेघांपेक्षा गडद दिसला तर गॅमा जास्त आहे, उजळ दिसला तर कमी.

स्टेप ६: कलर टेम्परेचर

मेनूमध्ये कूल, नॉर्मल, वॉर्म, युजर असे पर्याय असतात किंवा थेट ९३००, ६५००, ५००० असे केल्विनचे आकडे. आकडा जितका मोठा तितका पांढरा रंग निळसर. आपल्याला ६५०० हवं. आकडे नसतील तर नॉर्मल आणि वॉर्म दोन्ही लावून बघा आणि पुन्हा ए-फोर कागदाशी ताडून जो जवळचा वाटेल तो घ्या. बऱ्याच मॉनिटरवर तो वॉर्म निघतो. पहिले दोन दिवस स्क्रीन पिवळट वाटेल. ती पिवळट नसते, आपल्याला निळ्याची सवय झालेली असते.

छपाई क्षेत्रात छापील कागद तपासायला ५००० केल्विनचा उजेड प्रमाण मानतात. म्हणून फक्त छपाईचंच काम करणारे काही जण मॉनिटरही ५००० ते ५५०० ला ठेवतात. तुमचं काम अर्धं मोबाइलवर आणि अर्धं कागदावर जात असेल तर ६५०० च बरं.

युजर मोडमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन स्लायडर मिळतात. कोरी राखाडी स्क्रीन घ्या. राखाडीत गुलाबी झाक असेल तर लाल थोडा कमी करा, हिरवट असेल तर हिरवा कमी करा. शक्यतो कमीच करायचं, वाढवायचं नाही.

स्टेप ७: शार्पनेस

शार्पनेस जास्त असला की अक्षरांच्या कडेला पांढरी रेघ उमटते. मराठी फॉन्टमध्ये ती शिरोरेषेच्या वर-खाली स्पष्ट दिसते आणि आपल्याला वाटतं की फॉन्टच खराब आहे किंवा फोटो कडक झालाय. एक बारीक मराठी मजकूर उघडा आणि ही कड जाईपर्यंत शार्पनेस कमी करा. कुठल्या मॉनिटरवर योग्य आकडा ० असतो, कुठे ५०. अक्षरं धूसर व्हायला लागली की एक पायरी मागे या.

विंडोजचं कॅलिब्रेशन आणि कलर प्रोफाइल

मॉनिटरच्या बटणांनी जमेल तेवढं झालं की विंडोजकडे वळा. स्टार्टमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' शोधा. जी खिडकी उघडेल ती ओढून एक्स्टर्नल मॉनिटरवर न्या, नाहीतर लॅपटॉपचीच स्क्रीन कॅलिब्रेट होईल. त्यात गॅमा, ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि कलर बॅलन्स असे टप्पे येतात. वरची सेटिंग नीट झाली असतील तर इथे फार काही हलवावं लागत नाही.

मॉनिटर कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलचं कलर प्रोफाइल मिळालं तर ते डाउनलोड करा. स्टार्टमध्ये 'कलर मॅनेजमेंट' उघडा, मॉनिटर निवडा, 'यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस' वर टिक करा आणि प्रोफाइल अॅड करा. मॅकमध्ये हे सिस्टीम सेटिंग्ज > डिस्प्लेज > कलर प्रोफाइल इथे असतं.

रंगाच्या कामावरच पोट असेल तर पुढे-मागे कॅलिब्रेटर घ्या. स्पायडर, कॅलिब्राइट ही त्यातली माहितीची नावं. हे छोटं यंत्र स्क्रीनवर टेकवायचं, ते रंग मोजतं आणि तुमच्या मॉनिटरसाठी खास प्रोफाइल बनवतं. डिस्प्लेकॅल नावाचं मोफत सॉफ्टवेअरही त्याच्याबरोबर चालतं. दोन-तीन डिझाइनर मित्रांनी मिळून एक घेतलं तरी पुरतं, कारण ते महिन्यातून एकदाच लागतं.

मॉनिटर बरोबर झाला, तरी प्रेसमध्ये रंग का बदलतो?

स्क्रीन लाल, हिरव्या, निळ्या उजेडाने रंग बनवते. छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शाईंनी होते. शाईला काही रंग जमतच नाहीत. चमकदार पोपटी, राणी कलर, विजेसारखा निळा हे कागदावर मंद होणारच. गडद निळा तर अनेकदा जांभळा होतो. याला कुठलंच मॉनिटर सेटिंग उपाय नाही, पण छापण्याआधी हे बघता येतं.

फोटोशॉपमध्ये व्ह्यू > प्रूफ सेटअप > वर्किंग सीएमवायके निवडा आणि कंट्रोल + वाय दाबा. रंग छापल्यावर साधारण कसे दिसतील ते दिसतं. कंट्रोल + शिफ्ट + वाय दाबलं की शाईला न जमणारे भाग राखाडी होतात. तुमच्या प्रेसवाल्याकडे त्याच्या मशीनचं प्रोफाइल असेल तर मागून घ्या, अंदाज आणखी जवळचा येतो. कोरलड्रॉमध्येही कलर प्रूफची सोय आहे.

मात्र हा प्रूफ खरा तेव्हाच, जेव्हा मॉनिटर बरोबर लावलेला असतो. भडक मॉनिटरवर प्रूफही भडकच दिसणार. मोठी ऑर्डर असेल तर आधी एक प्रत छापून घ्या आणि ती ग्राहकाला हातात द्या. पन्नास-शंभर रुपयांचं ते काम पुढचे वाद वाचवतं.

ग्राहक तर फोनवरच बघतो, त्याचं काय?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. बऱ्याच फोनची स्क्रीन मूळ सेटिंगमध्येच रंग चढवून दाखवते. एका गणेश मंडळाच्या बॅनरच्या वेळी मंडळातल्या चार कार्यकर्त्यांनी चार फोनवर एकच फाइल उघडली होती आणि चौघांचं केशरी वेगळं होतं. कुणाचं केशरी खरं यावरून अर्धा तास गेला. शेवटी छापील नमुना दाखवल्यावर विषय मिटला.

म्हणून हे करा:
- स्वतःच्या फोनवर तपासताना फोनही साधा करा. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज > डिस्प्ले > स्क्रीन मोड > नॅचरल. आयफोनमध्ये ट्रू टोन आणि नाईट शिफ्ट बंद.
- नंतर तेच डिझाईन फोनच्या विविड मोडवरही बघा, कारण ग्राहक तसंच बघणार आहे. दोन्हीकडे बरं दिसलं पाहिजे.
- फोटोशॉपमधून एक्स्पोर्ट करताना 'कन्व्हर्ट टू एसआरजीबी' आणि 'एम्बेड कलर प्रोफाइल' या दोन्हींवर टिक करा.
- व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की फाइल दाबली जाते.
- छपाईचं काम असेल तर ग्राहकाला आधीच लिहून कळवा: "फोनवरचा आणि छापील रंग थोडा वेगळा दिसेल, छापील नमुना बघून फायनल करा."

थोडक्यात सगळी सेटिंग्ज

- रिझोल्यूशन: रेकमेंडेड
- आरजीबी रेंज: फुल, लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्हीकडे
- नाईट लाईट, एचडीआर, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको: बंद
- मोड: एसआरजीबी, नाहीतर युजर
- ब्राइटनेस: कागदाशी जुळेल तो, साधारण ८० ते १२० निट्स
- कॉन्ट्रास्ट: मूळ आकडा
- गॅमा: २.२
- कलर टेम्परेचर: ६५०० केल्विन
- शार्पनेस: अक्षरांची पांढरी कड जाईल इतका

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉपची स्क्रीन आणि मॉनिटर सारखे का दिसत नाहीत?
पॅनेल वेगळं असतं. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत '४५% एनटीएससी' लिहिलेलं असतं, म्हणजे एसआरजीबीतले ढोबळमानाने दोन तृतीयांशच रंग. अशी स्क्रीन कितीही सेट केली तरी मॉनिटरशी जुळणार नाही. रंगाचे निर्णय मॉनिटरवर घ्या, लॅपटॉपच्या स्क्रीनवर टूल्स आणि फाइल्स ठेवा.

लॅपटॉप नाही, फोनच मॉनिटरला जोडला तर?
फोनच्या यूएसबी-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येत असेल तर जोडता येतो. सॅमसंगच्या वरच्या रेंजच्या फोनमध्ये त्यासाठी डेक्स आहे. सगळ्या फोनमध्ये ही सोय नसते, आधी मॉडेल तपासा. मॉनिटरच्या मेनूमधली वरची सगळी सेटिंग तेव्हाही लागू होतात.

जुना, सेकंडहँड मॉनिटर चालेल का?
आयपीएस असेल तर शिकायला चालेल. घेण्याआधी पूर्ण पांढरी स्क्रीन लावून बघा. कोपरे पिवळट किंवा एक बाजू अंधारी दिसली तर रंगाच्या कामासाठी घेऊ नका.

सेटिंग किती दिवसांनी तपासायची?
कागदाची चाचणी महिन्यातून एकदा, आणि जागा किंवा दिवा बदलला की लगेच.

आज संध्याकाळी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, ट्यूबलाइट लावा आणि कागद घेऊन बसा. सेटिंग झालं की आधी छापून आलेलं एखादं काम शोधा आणि त्याची फाइल उघडून त्या कागदाशेजारी ठेवून बघा. दोन्ही जवळपास सारखे दिसले की समजा, आता या स्क्रीनवर भरवसा ठेवून पुढची फाइल प्रेसला पाठवायला हरकत नाही.